वसईचा दुभाष्या

वसईत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सियाच्या हातापायांत खिळे ठोकले गेले नव्हते. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण त्याचं चित्र काढायला किंवा पुतळा घडवायला बसणारा माणूस सवयीने येशूचाच क्रूस डोळ्यांपुढे आणतो. 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर ख्रिस्ती कैद्यांसाठी जे सव्वीस क्रूस उभे राहिले, त्यांची घडण वेगळी होती.

जपानी क्रूसाला आडवी लाकडं दोन. वरचं हातांसाठी, खालचं पायांसाठी. उभ्या खांबाच्या मध्यावर पुढे आलेला एक जाड खुंट. त्याच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून माणूस त्यावर टेकतो. त्यामुळे अंगाचा भार हातांवर येत नाही. मनगटं, घोटे आणि मान लोखंडी कड्यांत अडकवायची, बाकीचं अंग दोरांनी आवळायचं. हे सगळं क्रूस जमिनीवर आडवा असतानाच करायचं आणि मग माणसासकट तो उचलून खड्ड्यात उभा करायचा. रोमन पद्धतीत क्रूस स्वतःच माणसाला मारत असे, तासन् तास, श्वास कोंडून. जपानी पद्धतीत क्रूस नुसता धरून ठेवतो. मारतो तो भाला. दोन भालेकरी दोन बाजूंना उभे राहतात, फासळ्यांखालून वार करतात आणि भाला पलीकडच्या खांद्याच्या दिशेने वर घुसवतात. दोन्ही भाले छातीत एकमेकांना छेदून जातात. एवढं पुरत नसे तेव्हा मानेवर आणखी एक वार.

या रचनेत घोटाळा होण्याची जागा एकच: टेकणाचं आणि पायफळीचं अंतर. ते माणसाच्या उंचीशी जुळलं नाही तर तो खाली घसरतो आणि सगळा भार गळ्याच्या कड्यावर येतो. त्या दिवशी मेक्सिकोच्या फेलिपे दे हेसूसचं नेमकं तेच झालं. तो गुदमरू लागला म्हणून सगळ्यांच्या आधी त्याला भाल्याने मारलं, असं परंपरा सांगते. फेलिपेला लागून पुढचा, रांगेतला चौदावा क्रूस गोन्सालोचा.

तेव्हा वसईच्या संताची मूर्ती घडवायची असेल तर खूण म्हणून खिळे नकोत. छातीत एकमेकांना छेदणारे दोन भाले हवेत, अंगावर फ्रान्सिस्कन संन्याशांचा जाडाभरडा झगा हवा, कमरेला दोरी हवी आणि डाव्या कानाची पाळी कापलेली हवी. पाळीचं प्रकरण पुढे येईल.

गोन्सालोचा जन्म 1556 च्या सुमाराचा. वसई तेव्हा पोर्तुगिजांच्या हाती येऊन वीस-बावीस वर्षं झाली होती. गुजरातच्या बहादूरशहाने डिसेंबर 1534 च्या तहात ती त्यांना देऊन टाकली होती. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथली. कोकणातल्या स्थानिक माणसांना पोर्तुगीज कागद 'कानारीन' म्हणत. आईची ओळख त्या एका शब्दात आटोपली आहे. बापाच्या जातीचा मुलगा अर्धा राज्यकर्ता आणि आईच्या बाजूने अर्धा रयत, अशी ही पिढी त्या काळी वसई, ठाणे, चौल, गोवा सगळीकडे वाढत होती. शिपाईगिरी, कारकुनी आणि दर्यावर्दी व्यापार तिला मोकळे होते. धर्मगुरूच्या वेदीकडे जाणारी वाट मात्र अरुंद.

ही वाट किती अरुंद होती ते एका नावावरून कळतं. येशूसंघाने, म्हणजे जेझुइटांनी, भारतात काम सुरू केलं 1542 मध्ये. त्यानंतर 1575 मध्ये पेरो लुईस नावाच्या केरळकडच्या एका ब्राह्मण ख्रिस्ती तरुणाला संघात घेतलं आणि पुढे कितीतरी पिढ्या तसा दुसरा भारतीय माणूस घेतला नाही. मिश्र रक्ताच्या मुलांबद्दल तर वरिष्ठांच्या पत्रांत उघड नाराजी आहे. गोन्सालो वसईच्या जेझुइटांच्याच शाळेत शिकला, सेबास्तियाव गोन्साल्विस नावाच्या फादरांच्या हाताखाली. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्यांच्याच माणसांबरोबर तो जपानला गेला. वसईहून गोवा, मलाक्का, मकाव, मग नागासाकीकडे. वारे अनुकूल मिळाले तरी या प्रवासात वर्ष सहज जाई, कारण मलाक्का आणि मकाव दोन्हीकडे मोसमी वारा फिरण्याची वाट पाहत मुक्काम ठोकावा लागे.

जपानमध्ये त्याने येशूसंघाजवळ आठ वर्षं काढली. काम मदतनिसाचं: धर्मशिक्षण, आजाऱ्यांकडे जाणं, वेदीची तयारी आणि मुख्य म्हणजे बोलणं. युरोपातून आलेले बरेचसे फादर वर्षानुवर्षं दुभाष्यावर अवलंबून असत. जपानी भाषेत क्रियापदापासून सर्वनामापर्यंत सगळं समोरच्याच्या दर्जाप्रमाणे बदलतं. शेतकऱ्याशी बोलण्याची जपानी, भिक्षूशी बोलण्याची जपानी आणि सरदारापुढे तोंड उघडण्याची जपानी या जवळजवळ तीन वेगळ्या भाषा. त्या काळी शिकायला छापील व्याकरण नव्हतं, कोश नव्हता. युरोपीय छापखानाच जपानला पोचला 1590 मध्ये. जपानी–पोर्तुगीज कोश निघाला 1603 मध्ये नागासाकीत, मोठं व्याकरण त्यानंतर. म्हणजे 1570 च्या दशकात भाषा शिकायची तर कानाने, गल्लीत आणि कोवळ्या वयात. गोन्सालोपाशी तिन्ही गोष्टी होत्या. शिवाय घरातच दोन भाषांत वाढलेला पोरगा. एका भाषेतून दुसरीत उडी मारायची सवय त्याला जपानची नव्हती, वसईची होती.

इथे त्याच्या शेजारी आणखी एका मुलाला उभं करायला हवं. जुआव रॉद्रिगिश हा पोर्तुगालच्या खेड्यातला पोरगा 1577 मध्ये, असाच सोळाव्या वर्षाच्या आगेमागे जपानला पोचला. त्यानेही अशीच कानाने भाषा उचलली, तोही फादरांच्या घरी वाढला. 1580 मध्ये त्याला येशूसंघात प्रवेश मिळाला. पुढे तो जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या दरबारातला येशूसंघाचा दुभाष्या झाला. आधी ज्या व्याकरणाचा उल्लेख केला ते याच माणसाचं. गोन्सालोनेही संघात घेण्याची विनंती केली होती, असं त्याची चरित्रं सांगतात. ती मान्य झाली नाही. दोघांचं जपानला येण्याचं वय जवळपास एक, कामाचा देश एक, कसब एक. दोघांत फरक होता तो आईचा. नकाराचं कारण तेवढंच होतं असं म्हणायला कागद हाताशी नाही, पण त्या काळातली संघाची भरतीची रीत पाहिली तर मला दुसरं कारण शोधण्याची गरज वाटत नाही.

नकार आल्यावर गोन्सालो व्यापारात शिरला. संतचरित्रांत हा भाग दोन ओळींत उरकतात, कारण व्यापारी संत कुणाला फारसा आवडत नाही. पण त्याचं पुढचं सगळं आयुष्य या वर्षांवर उभं आहे. चिनी रेशीम मकावहून नागासाकीला जाई, जपानी चांदी उलट दिशेने येई. या व्यवहारात जपानी बोलणारा, पोर्तुगीज बोलणारा आणि दोन्हीकडची माणसं ओळखणारा दलाल म्हणजे सोनं. त्याचा धंदा चांगला चालला. त्या धंद्यातच तो मनिलाला पोचला आणि तिथे त्याची गाठ अनवाणी फ्रान्सिस्कनांशी पडली: सान ग्रेगोरियो प्रांताचे संन्यासी, ठिगळाचे झगे घालणारे, महारोग्यांची सेवा करणारे. धंदा बंद करून 1580 च्या दशकाच्या शेवटी तो त्यांच्यात ब्रदर म्हणून दाखल झाला. ब्रदर म्हणजे धर्मगुरू नव्हे. तो मिस्सा अर्पण करत नाही, पापनिवेदन ऐकत नाही. स्वयंपाक, दार, आजारी माणसं ही त्याची कामं. गोन्सालो शेवटपर्यंत ब्रदरच राहिला, आणि त्याला 'फादर गोन्सालो' म्हणणारे फलक चुकीचे आहेत.

1592 मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरला हिदेयोशीचं धमकीचं पत्र पोचलं: शरण या, खंडणी द्या, नाहीतर सैन्य येतं. धमकी पोकळ वाटावी अशी स्थिती नव्हती. त्याच वर्षी त्याच्या फौजा कोरियात उतरल्या होत्या. मनिलाने आधी हुआन कोबो या डॉमिनिकन फादरला वकील म्हणून धाडलं. परतीच्या वाटेवर तैवानजवळ त्याचं जहाज गेलं. मग 1593 मध्ये दुसरं शिष्टमंडळ निघालं. प्रमुख पेद्रो बाउतिस्ता हे फ्रान्सिस्कन फादर, बरोबर तीन संन्यासी, त्यांतला दुभाष्या गोन्सालो. भेट झाली नागोया किल्ल्यात. आजचं मोठं नागोया शहर ते हे नव्हे. हे क्यूशू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचं, कोरियाच्या स्वारीसाठी खास उभारलेलं लष्करी ठाणं.

या भेटीतली गोन्सालोची जागा नीट समजून घेण्यासारखी आहे. एका बाजूला सगळ्या जपानचा धनी, ज्याला शरणागतीशिवाय दुसरा शब्द ऐकायचा नाही. दुसऱ्या बाजूला स्पेनच्या राजाचा वकील, ज्याला शरणागती मान्य करण्याचा अधिकार नाही. मध्ये वसईचा ब्रदर. अशा वेळी शब्दाला शब्द ठेवला तर चर्चा मोडते, पुष्कळ मऊ केलं तर उद्या दोन्ही बाजू आपल्याला फसवलं म्हणतात. बाउतिस्तांनी मधली वाट काढली: राजाचं उत्तर येईपर्यंत आम्ही ओलीस म्हणून जपानमध्येच थांबतो. हिदेयोशीला ते पटलं. मनिलाच्या राजकारणात वेळ मिळाला आणि संन्याशांना राहायला निमित्त मिळालं. दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात बसवणं हे दुभाष्याच्या कसबाशिवाय झालं नसतं, असं मला वाटतं.

क्योतोत त्यांना जागा मिळाली. 1594 मध्ये तिथे चर्च आणि मठ उभा राहिला, शेजारी महारोग्यांसाठी रुग्णालयं. आणि इथूनच कुरबूर वाढली. पोप तेराव्या ग्रेगरींनी 1585 मध्ये जपानचं धर्मकार्य एकट्या येशूसंघाकडे सोपवलं होतं. फ्रान्सिस्कनांचं म्हणणं, आम्हाला नंतरच्या पोपची परवानगी आहे, शिवाय आम्ही वकील म्हणून आलो आहोत. येशूसंघाची पाठराखण पोर्तुगाल करणार, फ्रान्सिस्कनांची स्पेन. दोन्ही मुकुट 1580 पासून एकाच राजाच्या डोक्यावर, पण व्यापाराचे मार्ग, हितसंबंध आणि द्वेष वेगळेच. त्यात हिदेयोशीने 1587 मध्येच सगळ्या धर्मप्रचारकांना देशाबाहेर जाण्याचा हुकूम काढलेला. तो अमलात आणला गेला नव्हता, पण मागेही घेतला नव्हता. येशूसंघाचे लोक त्यामुळे अंग चोरून काम करत होते. फ्रान्सिस्कन मात्र राजधानीत झगे घालून उघड प्रार्थना चालवत. दोन्ही बाजूंच्या पत्रांत एकमेकांबद्दल जे लिहिलं आहे ते वाचताना दोघेही संत होणार आहेत हे विसरायला होतं.

मग 'सान फेलिपे'. मनिलाहून मेक्सिकोतल्या आकापुल्कोकडे निघालेलं हे स्पॅनिश गॅलिअन, रेशमाने आणि इतर मालाने गच्च भरलेलं. वादळांनी मोडून ते ऑक्टोबर 1596 मध्ये शिकोकू बेटावरच्या तोसा प्रांतात, उरादो इथे किनाऱ्याला लागलं. हिदेयोशीची तिजोरी तेव्हा कोरियाच्या युद्धाने आटलेली, सप्टेंबरच्या भूकंपात फुशिमीचा त्याचा नवा किल्ला कोसळलेला. माल जप्त करण्याचा मोह न आवरणं समजू शकतं. अधिकारी माशिता नागामोरी याद्या करायला आला, आणि याच वेळी जहाजाच्या सुकाणूवाल्याने जगाच्या नकाशावर स्पेनच्या राजाचे मुलूख दाखवून फुशारकी मारली, की आधी फादर जातात, मागून सैन्य. येशूसंघाची हकीकत असं म्हणते. स्पॅनिश माणसांची हकीकत वेगळी: क्योतोतल्या पोर्तुगिजांनीच हिदेयोशीचे कान भरले, की हे चाचे आहेत, देश गिळायला आले आहेत. चारशे वर्षांत हा वाद मिटलेला नाही. मला दोन्ही खरं असणं अवघड वाटत नाही. जप्तीला कारण हवंच होतं, आणि कारण पुरवणारे दोन्हीकडे होते.

8 डिसेंबर 1596 रोजी क्योतो आणि ओसाकातल्या मठांभोवती पहारे बसले. यादीवर अखेर चोवीस नावं राहिली. यादी पक्की होताना काय होतं याचा नमुना म्हणजे मातियास. शिपाई आले ते मठाच्या मातियास नावाच्या आचाऱ्याला न्यायला. तो बाहेर गेलेला. शेजारचा दुसरा ख्रिस्ती पुढे आला: माझंही नाव मातियासच आहे. शिपायांना नाव जुळलं, संख्या जुळली, त्याला नेलं. येशूसंघाचे तिघे, ज्यांत वक्ता पॉल मिकी, हेही ओसाकात सापडले म्हणून यादीत आले. रोख मुळात फ्रान्सिस्कनांवर होता.

शिक्षेचा हुकूम आधी नाक आणि दोन्ही कान कापण्याचा होता. इशिदा मित्सुनारी या अधिकाऱ्याने तो सौम्य करवून घेतला आणि 3 जानेवारी 1597 रोजी क्योतोत प्रत्येकाच्या डाव्या कानाची पाळी तेवढी कापली गेली. मूर्तिकारांनी उजवा कान कापू नये तो यासाठी. मग तिघांना एक अशा बैलगाड्यांत बसवून क्योतो, ओसाका, साकाई या शहरांतून धिंड. पुढे शिक्षेचा मजकूर लिहिलेली पाटी: हे लोक वकील म्हणवून लुझोनहून (मनिला ज्या बेटावर आहे तिथून) आले, बंदी असलेला धर्म शिकवत राहिले, म्हणून नागासाकीला क्रूसावर जातील. नागासाकीच का? कारण तिथे सर्वांत जास्त ख्रिस्ती आणि सर्वांत जास्त पोर्तुगीज. शिक्षा ज्यांनी पाहायची ते तिथे राहत होते.

9 जानेवारीला जमिनीच्या वाटेने कूच. ऐन हिवाळा, सुमारे 800 किलोमीटर, बराचसा पायी. हिमेजी, ओकायामा, शिमोनोसेकी, समुद्र ओलांडून हाकाता. वाटेत सोबत्यांची सेवा करायला मागून येणाऱ्या दोघांनाही पहारेकऱ्यांनी पकडून यादीत घातलं. चोवीसांचे सव्वीस झाले ते असे. त्यांत सहा फ्रान्सिस्कन संन्यासी, तीन येशूसंघाचे, बाकी सतरा जपानी प्रापंचिक: सुतार, आचारी, वैद्य, धर्मशिक्षक. सर्वांत लहान लुई इबाराकी, 12 वर्षांचा. 14 वर्षांच्या तोमास कोझाकीने वाटेत आईला लिहिलेलं पत्र वडील मिगेल यांच्या अंगावर सापडलं, कारण बापलेक दोघेही त्याच रांगेत होते.

4 फेब्रुवारीच्या रात्री ओमुराचं आखात होड्यांतून ओलांडून ते तोगित्सूला आले. सकाळी उराकामीमार्गे नागासाकी. शिक्षेचा कारभार तेराझावा हानझाबुरोकडे, तो गव्हर्नरचा भाऊ. क्रूस आधी नेहमीच्या वधस्थानावर, जिथे चोरांचे सांगाडे लोंबत, तिथे उभारायचे होते. नागासाकीच्या पोर्तुगिजांनी विनवलं तेव्हा हानझाबुरोने रस्त्यापलीकडचा गव्हाचा चढ नेमून दिला. आज स्मारक आहे ती निशिझाका टेकडी म्हणजे तोच चढ.

लुईस फ्रॉइस हा जपानमधला येशूसंघाचा जुना इतिहासकार. तरुणपणी तो गोव्यात होता, तिथूनच पुढे जपानला आला. त्याने 15 मार्च 1597 रोजी या दिवसाचा अहवाल पूर्ण केला आणि जुलैत तोही गेला. फ्रान्सिस्कनांकडून मार्सेलो दे रिबादेनेइरा याने लिहिलं, तो गोन्सालोचा मठातला सोबती. त्याचा वृत्तान्त 1601 मध्ये बार्सिलोनात छापला गेला. दोघे एकमेकांच्या संघाचे टीकाकार. म्हणून जिथे दोन्ही हकीकती जुळतात तिथे विश्वास ठेवायला हरकत नाही, आणि टेकडीवरच्या प्रसंगाबद्दल त्या बऱ्याच जुळतात.

टेकडीवर पोचल्यावर गोन्सालो सरळ एका क्रूसाकडे गेला आणि विचारलं, हा माझा का? नाही म्हणाले. दुसऱ्याकडे नेलं, तेव्हा गुडघे टेकून त्याने त्या लाकडाला मिठी मारली. पॉल मिकीने क्रूसावरून शेवटचं प्रवचन दिलं: मी जपानी आहे, लुझोनचा नव्हे, आणि हिदेयोशीला क्षमा करतो. मुलांनी लॅटिन स्तोत्र धरलं. मार्टिन दे ला असेन्सियोन स्तोत्र म्हणत होते, फ्रान्सिस्को ब्लांको मोठ्याने आभार मानत होते. गोन्सालोबद्दल नोंद एवढीच की तो खूप मोठ्या आवाजात 'आमच्या बापा' आणि 'नमो मरिया' म्हणत होता. आयुष्यभर इतरांची वाक्यं इकडून तिकडे नेणाऱ्या माणसाच्या तोंडी शेवटी लहान मुलाला पाठ असणाऱ्या दोन प्रार्थना आल्या. प्रवचन पॉल मिकीच्या वाट्याला गेलं आणि प्रसिद्धीही. पंचांगात 6 फेब्रुवारीचा सण 'संत पॉल मिकी आणि सोबती' असा लागतो आणि गोन्सालो त्या 'सोबती'मध्ये असतो. 5 तारखेला संत आगाथाचा जुना सण असल्याने हा एक दिवस पुढे सरकला आहे.

क्रूसांच्या पायथ्याशी धीर द्यायला येशूसंघाच्या दोनच फादरांना परवानगी होती. एक फ्रान्सिस्को पासियो. दुसरा जुआव रॉद्रिगिश, तो दुभाष्या. ते दोघे आळीपाळीने एकेका क्रूसाखाली जाऊन बोलत होते. एका टेकडीवर जपानी भाषेत वाढलेले दोन परदेशी. एक खाली उभा, एक वर. रॉद्रिगिशने पुढे तेरा वर्षं जपानमध्ये काढली, 1610 मध्ये त्याला हद्दपार केलं, आणि तो मकावला 1633 मध्ये वारला. त्याच्या व्याकरणाशिवाय त्या काळच्या जपानी भाषेचा अभ्यास होत नाही. गोन्सालोचा एक ओळीचाही लेख उरलेला नाही. दुभाष्याचं काम चांगलं झालं की त्याची खूण राहत नाही, हे खरं; पण एकाची राहिली आणि एकाची नाही, यामागे पुन्हा तो प्रवेश आणि तो नकार आहेच.

पुढचा प्रवास कागदांचा. मनिला, मकाव, मेक्सिको इथे साक्षी झाल्या, आणि सप्टेंबर 1627 मध्ये आठव्या उर्बान पोपनी सगळ्यांना धन्य घोषित केलं. तेही दोन वेगळ्या फर्मानांनी: फ्रान्सिस्कन आणि त्यांचे प्रापंचिक सोबती तेवीस, येशूसंघाचे तीन. एकाच टेकडीवर, एकाच सकाळी मेलेल्या माणसांची अशी वाटणी. संतपद मिळायला आणखी 235 वर्षं गेली. 8 जून 1862 रोजी नवव्या पियुस पोपनी रोममध्ये मोठ्या संख्येने जमलेल्या बिशपांसमोर सव्वीसांना संत जाहीर केलं. त्या मोठ्या जमावामागे पोपचं राज्य इटलीच्या एकीकरणात बुडत होतं हेही कारण होतं. तीन वर्षांनी, 1865 मध्ये, नागासाकीत या सव्वीसांच्या नावाने ओउरा चर्च उघडलं आणि महिनाभरातच अडीचशे वर्षं लपून धर्म पाळणारे उराकामीचे लोक त्या चर्चच्या दारात येऊन उभे राहिले.

वसईत 1739 नंतर पोर्तुगीज उरले नाहीत, श्रद्धा उरली. किल्ल्यातलं जेझुइटांचं पडकं चर्च आज लोक गोन्सालो गार्सियाचं म्हणून दाखवतात. गासचं चर्च त्याच्या नावाचं, गावातलं कॉलेज त्याच्या नावाचं. किल्ल्यातल्या नावात गंमत आहे: ज्या संघाने घेतलं नाही, त्याच्याच भिंतींना त्याचं नाव. 2008 मध्ये केरळच्या सिस्टर अल्फोन्सा संत झाल्या तेव्हा 'पहिल्या भारतीय संत' असे मथळे आले आणि वसईकर रागावले. राग योग्य होता. अल्फोन्सा संत झालेल्या पहिल्या भारतीय स्त्री. भारतात जन्मलेला पहिला संत 1862 पासून आहेच. मथळे लिहिणाऱ्यांचा बचाव असा होऊ शकतो, की गोन्सालोचा बाप पोर्तुगीज होता. त्या बचावात सोळाव्या शतकातली रक्ताची मोजणी फक्त उलट्या बाजूने केली जाते. तेव्हा आईमुळे तो पुरेसा पोर्तुगीज नव्हता, आता बापामुळे पुरेसा भारतीय नाही.

या मोजणीतून त्याला खऱ्या अर्थाने आपलं म्हटलं ते फार दूरच्या माणसांनी. ब्राझीलमध्ये 'पार्दो' म्हणजे मिश्र रक्ताचे, ना गोरे ना काळे, म्हणून दोन्हीकडून बाजूला सारलेले लोक. गोऱ्यांना हवे तेवढे संत होते, काळ्यांनाही त्यांचे होते; यांना नव्हता. पेर्नाम्बुकोच्या पार्दोंना गोन्सालो सापडला. सप्टेंबर 1745 मध्ये रेसिफे शहरात त्यांनी त्याचा थाटामाटात उत्सव केला, आणि अंतोनियो दे सांता मारिया जाबोआताव या फ्रान्सिस्कनाने प्रवचन दिलं. प्रवचन पुढे छापलं गेलं. त्याच्या शीर्षकातच इतिहास, भूगोल आणि वंशावळ हे शब्द आहेत आणि गोन्सालोला 'त्यांच्या रंगाचा संत' म्हटलं आहे. एका धन्य ब्रदरचा रंग सिद्ध करण्यासाठी प्रवचनकाराला वसईच्या आईपर्यंत जावं लागलं. रोमने तिच्या मुलाला संत म्हणायला तेव्हा अजून 117 वर्षं होती. आलागोआस प्रांतातल्या पेनेदो गावी साव फ्रान्सिस्को नदीकाठी त्याचं चर्च आजही आहे, आणि त्याच्या नावात 'पार्दो लोकांचं' हे शब्द अजून आहेत.